पासंग

परवा बारामतीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांपुढचं यंत्र बाजूला सारलं आणि विचारलं, "घरात कुणाला काचबिंदू होता?" मी म्हटलं, "वडिलांना." त्यांनी कागदावर एक खूण केली, थेंबांची बाटली लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांच्या लेखी विषय संपला. मी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. रिक्षावाला दोनदा विचारून गेला. डोळे आहेत तोवर एक गोष्ट लिहून काढायची राहिली आहे, हे मला त्या पायरीवर कळलं. तोंडानं ती आजवर कुणाला सांगता आली नाही. लिहिता येईल, कारण आईला वाचता येत नाही.

आमचं घर काटेवाडीच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत, दीड एकराच्या तुकड्यात. पुढे पत्र्याची शेड, मागे तीन खोल्या, आणि त्यांच्यामागे आईची वांगी, मेथी, गवार. आबा, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं हवाई दलात फिटर होते. विमानांचे सांगाडे दुरुस्त करायचे. पेन्शनीत आल्यावर त्यांनी शेडमध्ये फवारणीचे पंप आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायला घेतली. नोकरीतून त्यांनी घरी आणलेल्या गोष्टींत एक शब्द होता, 'सर्विसेबल'. आमच्या घरात सगळं त्या शब्दानं मोजलं जायचं. भाकरी करपली की ती अनसर्विसेबल. पाऊस झाला की रस्ता अनसर्विसेबल. मला बघायला पहिलं स्थळ आलं, मंडळी चहा-पोहे घेऊन गेली, तेव्हा आईनं भीतभीत विचारलं, "कसा वाटला पोरगा?" आबा पान्हा पुसत म्हणाले, "बॉडी बरी हाय. इंजिन कमजोर हाय." ते स्थळ तिथंच मोडलं आणि मी मनातल्या मनात आबांचे पाय धरले. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला दुसऱ्याच एका गोष्टीची घाई होती.

ती गोष्ट अशी. आबा नोकरीत नवीन होते तेव्हा त्यांना शिकायला एक जुनं लढाऊ विमान दिलं होतं, स्पिटफायर. महायुद्धातलं, कधीच बाद झालेलं. शिकाऊ पोरांनी ते खोलायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं. आबांनी ते कितीदा तरी खोललं आणि जोडलं. "त्याचं पोट म्या आतनं बघितलंय," ते सांगायचे, "एकेक रिवेट वळखतो. पर उडताना न्हाय बघितलं कदी." आयुष्यभर ही एकच रुखरुख त्यांनी बोलून दाखवली. मग पन्नाशीत डोळ्यांना काचबिंदू लागला. नजर कडेकडेनं मिटत आली. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तेवढंच. ताटातली भाकरी दिसायची, चटणी सापडायची नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे गेलं ते परत येणार नाही आणि जे आहे तेही फार दिवस राहणार नाही.  त्या दिवशी घरी आल्यावर आबा शेडमध्ये गेले, खडू घेतला आणि फरशीवर एक पंख काढला. खऱ्या मापाचा पंख शेडभर झाला. दारातून बाहेर आला.

दीड वर्ष ते विमान, खऱ्याच्या पाचव्या हिश्शाएवढं, आमच्या घरात वाढलं. टोकापासून टोकापर्यंत साडेसात फूट पंख, बारा किलोच्या आसपास वजन, आणि पोटात झाडकापणी यंत्राचं पेट्रोल इंजिन. हातातल्या रेडिओवरून उडणारं. रेडिओ त्यांच्या नोकरीतल्या एका मित्रानं बाहेरून आणून दिला होता. आबांचे हात थोडे थरथरायचे आणि नजर अशी, म्हणून उडवायचं मी, हे पहिल्यापासून ठरलेलं. त्यासाठी तेवढे दिवस मी थर्माकोलची विमानं उडवून, पाडून, चिकटवून पुन्हा उडवत होते. घरात सगळीकडे डिंकाचा आणि थिनरचा वास. आईची कुरकुर सकाळी चुलीबरोबर पेटायची. "पलंग भाईर काढला, आता मलाबी काढा." पण उन्हाळ्यात तिच्या कुरडया गच्चीवर पसरल्या की त्याच साडीच्या दुसऱ्या टोकाला विमानाची शेपटी वाळत असायची, आणि दोन्हींवरचे कावळे तीच हाकलायची. आबा लाकडी पट्टी घासत असले की खर्र खर्र आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई. तो थांबला की आई भाकरी थापता थापता मान वर करायची. "काय झालं बघ गं." काही झालेलं नसायचं. त्यांना पट्टीवरची रेघ सापडत नसायची. मी जाऊन त्यांचं बोट रेघेवर ठेवायची.

आता तराजूचं सांगायला हवं. आई भाजी घेऊन इंदापूरच्या बाजारात बसायची आणि सुट्टीच्या दिवशी तराजू माझ्या हातात असायचा. जुना, साखळ्यांचा, दोन पितळी पारड्यांचा. त्यातलं एक पारडं ठोकर लागून थोडं हलकं पडायचं, म्हणून त्याच्या खाली एक नटबोल्ट बांधलेला होता. त्याला पासंग म्हणतात. एका बाजूला जेवढं जादा, तेवढंच दुसऱ्या बाजूला बांधायचं, काटा मधोमध येतो. मला शाळेनं जे शिकवलं ते मी विसरले असेन, पण हे माझ्या मनगटात बसलं होतं. गिऱ्हाईक वाकून काट्याकडे बघायचं आणि मी ताठ मानेनं तराजू उचलायची. पुढे मी शिक्षिका झाले. सातवीच्या पुस्तकात तरफेचा धडा होता. टेकूपासून भार जितका लांब, तितका तो जास्त जड पडतो. तो धडा आला की मी शेजारच्या वर्गावरच्या बाईंना द्यायची आणि त्यांचं व्याकरण घ्यायची. त्यांना वाटे मला विज्ञान जमत नाही.

विमान पूर्ण झालं ते मे महिन्यात. शेवटचं काम तोल साधायचं. आबांनी आढ्याला दोन दोर बांधून ते टांगलं. दोर पंखांवरच्या पेन्सिलच्या खुणेवर आले की नाक किंचित खाली झुकायला हवं. तसं झुकलं तर ते आकाशात शहाण्यासारखं वागतं. शेपूट खाली गेली तर ते कुणाचं ऐकत नाही. या विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब, त्यामुळे नाकात शिसं भरावं लागतं. आबांनी टायरवाल्याकडून चाकाला लावायच्या शिशाच्या पट्ट्या आणल्या. मी एकेक पट्टी आईच्या तराजूत तोलायची, त्यांच्या हातात द्यायची, ते नाकाखालच्या झडपेतून आत ठेवायचे. बारा पट्ट्यांना नाक झुकलं. "किती?" "बारा." "खुणेवर हाय?" "हाय, आबा." मग त्यांनी शंभरपानी वही काढली. नोकरीतली रीत ते मोडत नसत. काम करणाऱ्यानं सही करायची, तपासणाऱ्यानं सही करायची, आणि दोन सह्या झाल्या की त्या विमानाला कुणी हात लावायचा नाही, पुन्हा मोजायचंही नाही. पुन्हा मोजणं म्हणजे सही करणाऱ्यावर अविश्वास. वहीत 'मोजणारा'समोर त्यांनी सही केली. 'तपासणारा'समोर माझी. "आता माझं डोळं तुझ्यापाशी हायती," ते म्हणाले. मी हसले. एकोणीस वर्षांच्या मुलीला असं काही म्हटलं की ती हसते.

संध्याकाळी आई नारळ, हळदकुंकू आणि लिंबू-मिरची घेऊन आली. नवा ट्रॅक्टर आला तरी आमच्याकडे हे होतं, आणि हे तर विमान. आबा म्हणाले, "नारळ फोड, कुंकू लाव. पर बांधायचं काय न्हाय. साईन झालंय." आईनं नाकाला कुंकू लावलं. लिंबू-मिरची तशीच आत नेली. ती भांडली नाही, त्याच वेळी मला समजायला हवं होतं.

पहाटे मी दात घासत होते. आई शेडच्या दारात उभी होती. हातात पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. देव्हाऱ्यातला पितळी मारुती. चार बोटं उंच, पण भरीव, अर्धा किलोचा. आबांचं मूळ गाव इंदापूरच्या अंगाला, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं. पाणी आलं तेव्हा आजीनं ओटीत घालून आणला होता तो हाच मारुती. आणि उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ज्या उघड्या जमिनीवर, गाळपेरीवर, आम्ही विमान उडवणार होतो, ते आबांचंच जुनं शेत.

"त्येचं गाव हाय त्ये," आई म्हणाली. "येऊ दे की त्याला बी. उडणाऱ्याला उडणाऱ्याची सोबत."

"आई, आबांनी सही केलीय."

"म्या कुटं काय बांधाय सांगती? आत ठिव. कुणाला दिसणार न्हाय." आणि मग आवाज खाली आणून, "सुमे, त्येंचं डोळं चाललं गं. येवढं एक नीट उडू दे. म्या मारुतीला बोललीय. माझं म्या कदी काय मागितलंय का?"

नव्हतंच मागितलं. मी स्क्रूड्रायव्हर घेतला. शेपटीकडच्या चाकापाशी एक छोटी झडप होती, आबांना तार ओढायला ठेवलेली. दोन स्क्रू काढले, मारुतीला फडक्यासकट आत कोंबला, झडप लावली. घाईत एका स्क्रूचे आटे गेले, तसाच दाबून बसवला. मी काही वेडी नव्हते. शेपटीत अर्धा किलो वाढलं तर तोल जाणार, हे मला कळत होतं. म्हणून मी तराजू घेतला आणि उरलेल्या शिशाच्या पट्ट्या तोलल्या. सहा पट्ट्यांचा अर्धा किलो. त्या सहा मी नाकात ठेवल्या. मागं जेवढं, तेवढंच पुढं. पासंग. मला स्वतःचा अभिमान वाटला, तोही इथं लिहून ठेवते. आबांची रीत राहिली, आईचा देव राहिला, आणि मी दोघांच्या मधे काटा धरला, असं मला वाटलं.

राघूतात्या, आबांचे चुलतभाऊ, पिकअप घेऊन आले. आबांच्या गावचे, गाळपेरीवर कलिंगडं करणारे. त्यांनीच आठवडाभर ट्रॅक्टरला फळी लावून जुन्या शेतात दोनशे पावलांची धावपट्टी सपाट केली होती. आई पुढे बसली, मांडीवर भाकरीचं गाठोडं. आबा आणि मी मागे, विमानाला दोन्ही बाजूंनी गाद्या लावून, चाळीस किलोमीटर हातानं धरून. इंदापुरात हमरस्त्यावर ट्रकवाले वळून बघत होते. आबांना ते दिसत नव्हतं, पण हॉर्न ऐकू येत होते. "आपल्यालाच वाजवत्यात व्हय?" "व्हय, आबा." त्यांनी टोपी सारखी केली.

पाणी चांगलंच मागं गेलं होतं. भेगाळलेल्या जमिनीत आमच्या शेतातल्या विहिरीचं दगडी तोंड उघडं पडलेलं. आबा उतरल्याबरोबर तिकडे चालत गेले. तिथं त्यांना वाट दाखवावी लागली नाही. काठावर हात ठेवून म्हणाले, "हितं म्या पोहायला शिकलो." मग आम्ही जुळणीला लागलो. पंख सरकवले, बोल्ट आवळले, तारा जोडल्या. लांबून रेडिओ लागतो का बघायला त्याचा दांडा मिटवून मी पन्नास पावलं दूर गेले आणि तिथून त्याच्यावरच्या कांड्या हलवल्या. आबा पंखाच्या झडपांवर बोटं ठेवून ओरडत होते, "उजवा वर! डावा खाली! शेपूट! बरोबर!" इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. तात्यांनी शेपूट उचलून विमान धावपट्टीच्या तोंडाला फिरवलं आणि म्हणाले, "मागनं लई जड हाय की रं ह्ये."

"तुला कडब्याची पेंडी उचलायची सवय," आबा हसले. "साईन झालंय त्ये. बारा पट्ट्या शिसं हाय नाकात."

मी ऐकलं. रेडिओ माझ्या गळ्यात होता, बोटं कांड्यांवर. त्या क्षणी "आबा, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी आईकडे पाहिलं. ती बाभळीखाली हात जोडून उभी होती.

उडल्यावर काय करायचं ते ठरलं होतं. विहिरीपासून बाभळीपर्यंत, आबांच्या बरोबर समोरून, सरळ रेषेत दोन फेऱ्या. म्हणजे त्यांना मान फिरवावी लागणार नाही, नजरेच्या नळीतून विमान आपोआप जाईल. ते स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले. मी इंजिन वाढवलं. पन्नास पावलं धावल्यावर शेपूट वर यायला हवी. आली नाही. तीन चाकांवरच ते धावत राहिलं आणि मी सांगण्याआधीच उडालं. नाक वर, आणखी वर. मी कांडी पुढं ढकलली तर एकदम खाली झेपावलं, ओढली तर आभाळाकडे सरळ उभं. आणि मला कळलं. त्याचं नाक टेकूपासून हातभर, शेपूट तीन हात. शेपटीतला अर्धा किलो नाकातल्या दीड किलोला भारी. ते विमान होतं, तराजू नव्हता. हे सगळं एका श्वासात कळलं आणि हातानं काहीच करता येत नव्हतं.

"कुठं हाय?" आबा विचारत होते. "सुमे, कुठं हाय? मला गावंना."

मला बोट दाखवायला हात मोकळा नव्हता. विमान आमच्या डोक्यावरून आडवं झालं. दोन्ही पंख, पोटाखालचा आबांनी रंगवलेला निळा रंग, उन्हात सगळं स्पष्ट. इतकं देखणं मी काही पाहिलं नव्हतं. पुढेही नाही पाहिलं. आबा स्टुलावरून उठून सगळ्या आभाळात मान फिरवत होते, उजवीकडे, डावीकडे, जिथं विमान नव्हतं तिथं. मी ते समोर आणायला बघत होते, खरंच बघत होते. विहिरीवर ते पुन्हा उभं राहिलं, हवेत थांबलं, एका पंखावर कललं आणि दगडी काठाशेजारी नाकावर आदळलं.

इंजिन थांबलं. लांब पाण्यावरचे पक्षी उठले. आबा हसऱ्या तोंडानं माझ्याकडे वळले. "उतरलं का गं?"

हे वाक्य मला आजही एकटीनं सोसवत नाही.

"पडलं, आबा," मी म्हटलं आणि पळाले. त्यांच्या आधी पोचायला हवं होतं. नाक जमिनीत रुतलेलं, पंखांच्या काटक्या, पेट्रोलचा वास. शेपूट मात्र जवळजवळ शाबूत. झडप उघडली होती आणि पिवळं फडकं बाहेर आलं होतं. मारुतीची गदा वाकली होती. मी त्याला ओढणीच्या टोकात बांधलं आणि टोक कमरेला खोचलं. नाकातल्या पट्ट्यांचा मला विचारही आला नाही.

तात्यांच्या दंडाला धरून आबा आले. गुडघ्यांवर बसले आणि हातांनी बघायला लागले. एकेक तुकडा चाचपून ओळखत होते. "ही सातवी फासळी. ह्यो खांब." मग विचारलं, "नाक वर जात व्हतं का सारखं?"

"व्हय."

"मंजी शेपूट जड. मोजमाप चुकलं माझं." थोडा वेळ हातातला तुकडा फिरवत राहिले. "डोळं गेलं की समदंच गेलं म्हणायचं. म्या मोजायला नगं व्हतं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात आई पोचली, धापा टाकत, पदर खांद्यावरून घसरलेला. तिनं विमान बघितलं नाही, आधी आबांना बघितलं, मग मला. आणि म्हणाली, "माणसाला कुणाला लागलं न्हाय. मारुतीनं राखलं." तिचे हात अजून जोडलेलेच होते. आबांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. खरं सांगितलं तर या बाईचे हात पुन्हा जोडले जाणार नाहीत, असं मला वाटलं, आणि मी गप्प बसले. आईला वाचवायला म्हणून गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. स्वतःलाही वाचवलंच की. आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तशीच परत गेली.

मारुती मी त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यात ठेवला. आईनं वाकडी गदा बघितली आणि डोळे पुसले. देवानं घाव अंगावर घेतला, असा तिनं अर्थ लावला आणि तो आजतागायत कायम आहे. पोत्यांत भरलेले तुकडे शेडमध्ये पडले. पुढच्या बाजाराला आबांनी तराजू घरीच ठेवून घेतला, साखळी दुरुस्त करायचीय म्हणाले. आम्ही शेजारणीचा तराजू मागून नेला. मी एवढं बारीकसारीक लक्षात ठेवणारी, पण त्या तराजूचा मला संशय आला नाही. त्यानंतर आबांनी काहीही मोजलं नाही. मोजायची हत्यारं त्यांनी एका शिकाऊ मुलाला देऊन टाकली. पंप हातानं चाचपून दुरुस्त करायचे, कुणी माप विचारलं तर म्हणायचे, "माप दुसऱ्याकडनं घ्या, माझं खरं न्हाय." हे ऐकून मी घरात जायची आणि उगाच भांडी घासायची. दोन वर्षांत दिसणं पूर्ण गेलं. शेवटची नजर त्यांनी कशावर खर्च केली मला माहीत नाही. विमानावर नाही, एवढं माहीत आहे.

माझं लग्न इंदापुरात झालं, पण दर मे महिन्यात मी कुरडयांच्या निमित्तानं माहेरी यायची. आबा सावलीत बाजेवर पडून म्हणायचे, "वही आण." मी वाचायची. पहिली रेघ कधी ओढली, फासळ्या किती, डिंक कुठला. ते मधेच दुरुस्त करायचे, हसायचे. मग विमान हवेत होतं ती चाळीस सेकंदं मला सांगायला लावायचे. "पोट निळं दिसत व्हतं?" "दिसत व्हतं, आबा. पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत." "व्हय ना?" त्यांच्या बंद पापण्यांवर ते विमान माझ्या शब्दांनी उडायचं. तोलाच्या पानावर, आमच्या दोघांच्या सह्यांशी पोचले की ते हात वर करायचे. "तितं थांब." पुढचं पान मी कधी उलटलं नाही. मला वाटायचं, पुढं कोरं असणार, आणि पडण्याबद्दल ऐकवत नसेल त्यांना. किती वेळा ठरवून गेले की यंदा सांगायचं. आई तिथंच पापड लाटत बसलेली असायची.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. वही घरातल्या ट्रंकेतच होती, मी उघडली नव्हती. परवा डॉक्टरांकडून थेट काटेवाडीला गेले, ती काढली आणि घराच्या पायरीवर घेऊन बसले. सह्यांचं पान उलटलं. पुढचं पान कोरं नव्हतं. वाकडंतिकडं, ओळीवर ओळ चढलेलं, जवळजवळ आंधळ्या माणसाचं अक्षर.

'पडल्यानंतरची तपासणी. नाकातील शिसे : नोंद पट्ट्या बारा. निघाल्या अठरा. जादा सहा, वजन अर्धा किलो. शेपटीची झडप : एका स्क्रूचे आटे गेलेले. देव्हाऱ्यातील मारुती : गदा वाकलेली. वजन अर्धा किलो.' आणि त्याखाली, 'कारण : मोजणाऱ्याची चूक.' मोजणाऱ्यासमोर त्यांची सही. तपासणाऱ्यासमोर माझं नाव स्वतः लिहून, पुढे, 'हिचा दोष नाही.'

म्हणजे तराजू ठेवून घेतला त्या बाजारच्या दिवशीच त्यांना सगळं कळलं होतं. दर उन्हाळ्यात बाजेवर पडून ते हात वर करत होते ते याच पानाच्या अलीकडे, माझ्यासाठी. आणि मी त्यांच्यापासून लपवत होते. एवढी वर्षं आम्ही दोघं एका वहीच्या दोन बाजूंना बसून होतो, आणि मी एकदाही पान उलटलं नाही, ते एकदाही म्हणाले नाहीत की उलट. आबा, म्हणायला हवं होतं हो. मी पाय धरले असते.

आत आईनं सांजवात लावली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण देव अजून तीच पुसते. वाकड्या गदेपाशी फडकं हळू फिरवते. ती बाहेर येऊन माझ्याशेजारी टेकली आणि वहीवर हात ठेवला.

"त्येंचीच न्हवं ही?"

"व्हय."

"रडतीस कशापायी? वाच की जरा मला बी. पुढं काय लिवलंय?"

मी डोळे पुसले आणि वही मिटली.

"काय न्हाय, आई. पुढचं पान कोरं हाय."